चौथ्या चौकटीवरचे तीन नेम

आमच्या नेमबाजीच्या मैदानावर माझ्या सख्ख्या मामाला सगळे बंडलमामा म्हणत. हत्यारांच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला आणि बंडलं जिभेवर. चहाच्या सुट्टीत तो बाकावर बसला की नवशिके नेमबाज भोवती जमायचे.

"एकदा मी इतक्या लांबून बार काढला," मामा सांगायचा, "की गोळी पोचेस्तोवर इकडे माझं लग्न ठरून मोडलंसुद्धा."

"आणि नेम?"

"मधोमध! मधल्या काळात तिथल्या माणसाने कागद बदलला होता. पण मी तेवढा वेळ धरूनच घोडा दाबलेला."

कधी समोरचा वारा इतका असायचा की गोळी अर्ध्या वाटेतून परत यायची, आणि मामा तिची समजूत काढून तिला पुन्हा भरायचा. पोरं पोट धरून हसायची. मीही हसायचे आणि कामाला निघायचे.

माझं काम हजार मीटर पलीकडे, निशाणांच्या खालच्या सिमेंटच्या खंदकात. गोळी लागली की निशाणाच्या कागदाची चौकट खाली ओढायची, भोकावर टिकली चिकटवायची, चौकट वर चढवायची आणि गोळी जिथे लागली तिथे लांब काठीवरची लाल चकती धरायची. एवढ्या लांबून नेमबाजाला चकती दिसली, तरच आपला नेम कुठे लागला ते कळतं.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की सराव रद्द झाला. मी एकटीच खंदकात नवे कागद लावत होते. चौथी चौकट वर चढवली आणि डोक्यावरून कुणीतरी टाळी वाजवावी तसा आवाज गेला. गोळीचाच आवाज. अकरा वर्षं ऐकतेय, चुकणार नाही. पण मागोमाग रायफलीचा बार यायला हवा, तो आलाच नाही.

मी भिंतीला चिकटून फोन उचलला. "मामा, कोण झाडतंय? मी खाली आहे!"

"कोण झाडणार? मी एकटा आहे. सगळ्या रायफली कपाटात."

"मामा, आज बंडल नको."

"तुझी शपथ गं."

तेवढ्यात दुसरी टाळी. मी चौकट खाली ओढली. कोऱ्या कागदावर दोन भोकं, शेजारी शेजारी, मधोमध. कागद मी दहा मिनिटांपूर्वी लावलेला, पण भोकांच्या कडा जुन्या वर्तमानपत्रासारख्या पिवळ्या पडलेल्या.

"कितवी चौकट?" मामाने विचारलं.

"चौथी."

"चौथी?" त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "वर चढव. आणि चकती दाखव."

"या धुक्यात कुणाला दिसणार आहे?"

"दाखव म्हणतो ना, पोरी!"

मी दोन्ही नेम दाखवले. तिसरी गोळी आली, तिचाही दाखवला. त्यानंतर सगळं शांत झालं. पाखरूसुद्धा ओरडेना.

अर्ध्या तासाने धुक्यातून मामा आला, गुडघा धरत, हजार मीटर पायी. कागद बघून तो खंदकाच्या पायरीवर मटकन बसला.

"तुझ्या जागी मी होतो तेव्हा," तो म्हणाला, "एक नेमबाज होता. अबोल. संघाच्या निवडीच्या दिवशी याच चौथ्या चौकटीवर त्याचे शेवटचे तीन नेम मधोमध लागले. मी चकती वर केलीच नाही. चुकले म्हणून कळवलं."

"का पण?"

"मला जमत नव्हतं ते त्याला जमत होतं, म्हणून. दुसरं काही नाही."

त्याच दुपारी आम्ही कागदाची गुंडाळी घेऊन त्या माणसाच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. दिवाणखान्याच्या खिडकीशी तो खुर्चीत बसला होता, दोन्ही डोळ्यांत पांढुरका पडदा.

"नऊ वर्षं झाली, काही दिसत नाही त्यांना," ती हळूच म्हणाली. "धुकं पडलं की असेच बसतात, रायफल खांद्याला लावल्यासारखे. आज मात्र तीनदा दचकले आणि मग हसले. मला भीतीच वाटली."

मामा त्याच्यासमोर जमिनीवरच बसला. "मी खंदकातला..." एवढंच बोलला.

"चकती दिसली," तो माणूस म्हणाला. "उशीर केलास रे."

त्याने हात पुढे केला. मी कागद उलगडून त्याच्या मांडीवर ठेवला. तीनही भोकांवरून तो बोट फिरवत राहिला, सावकाश, आंधळ्या माणसासारखा नाही तर वाचत असल्यासारखा. मग मान वर करून म्हणाला, "तिसऱ्याला वारा जरा डावीकडून होता. नाहीतर ती गोळी दुसऱ्याच्याच भोकातून गेली असती."

मामा ढसाढसा रडायला लागला. बायकोने पाणी आणलं.

तो माणूस पुढे दीड वर्ष जगला. मामा दर आठवड्याला जायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, त्याची नखं कापून द्यायचा. माफी मिळाली का, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाला, "त्याने विषयच काढला नाही. आणि माझी हिंमत झाली नाही."