दुसऱ्या झुब्याची जागा

अंजनाला तुम्ही मारलं नाही, साहेब. बिबट्यानं मारलं. पण डिंगोऱ्याच्या शिवारात पिंजरा लावा म्हणून अख्खा गाव तुमच्या वनखात्याच्या दारात आला होता, तेव्हा काय उत्तर मिळालं? "पिंजरे शिल्लक नाहीत." मग जनावरांसाठी घास कापता कापता तिला उसात ओढून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत पिंजरा हजर! कुठून आला तो? ठेवायला जागा पाहिजे म्हणून तुमच्या माणसांनी बांधावरची बाभूळ पाडली, पिंजऱ्याला टेकून फोटो काढले आणि जीप वळवून गेले.

बाभूळ उन्हात पडून राहिली.

अंजनाचा सासरा हौशीराम लेथवर लाकूड कातायचा. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खुळखुळे. ओंडका पाडला की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना शेण फासायचं, म्हणजे लाकूड दमानं सुकतं, उलत नाही, तडे जात नाहीत. जन्मात त्यानं हे चुकवलं नव्हतं. या खेपेला चुकलं. ओट्यावरून बाभूळ दिसायची, शेणाची पाटी शेजारी असायची, पण उठावं असं काही वाटायचं नाही. रडूही यायचं नाही. त्याची बायको ठमाबाई ताट ठेवायची, तो जेवायचा. उचलायची, तो हात धुवायचा. त्याचा पोरगा सूरज, अंजनाचा नवरा, टोमॅटोची पिकअप घेऊन जायचा आणि यायचा. दहावा झाला, तेरावा झाला, आणि बाभूळ या तोंडापासून त्या तोंडापर्यंत उलली.

अंजनाच्या कानात लग्नातले सोन्याचे झुबे होते. दवाखान्यातून आणली तेव्हा एका कानात होता, दुसरा कान मोकळा. तो झुबा उसाच्या सरीत सापडला, तुमच्याच माणसाला. "तपासाचं आहे, नंतर मिळेल," म्हणत त्यानं कागदाच्या पुडीत बांधला आणि खिशात घातला. सगळ्या गावानं बघितलं. तेराव्यानंतर हौशीराम त्यासाठी तुमच्या ऑफिसात हेलपाटे घालत राहिला; खुर्चीतले साहेब बदलले, झुबा आला नाही.

उरलेला झुबा अंजनाच्या लेकीनं, प्राचीनं, काड्यापेटीत ठेवला. शाळेतून आली की पोर पेटी उघडायची, बघायची, मिटायची.

"अवो," ठमाबाई एक दिवस म्हणाली, "आईचं सोनं काड्यापेटीत ठेवत्यात व्हय? कायतरी कातून द्या की पोरीला."

हौशीराम उठला. कितीतरी दिवसांनी कामाला उठला. बाभळीचा तुकडा कापून आणला.

"आवं, ह्यो तर उललाय! लेथवर फुटला तर डोळा जाईल. सागाचा तुकडा पडलाय की मागं."

"सागाचं न्हाई करायचं."

"का?"

"न्हाई करायचं म्हनलं ना."

"बरं बाई. डोळा गेला तर माझ्या नावानं वरडू नका."

त्यानं तुकड्याला तार आवळली आणि लेथ चालू केली. बाभूळ आधीच टणक, त्यात तडा. प्रत्येक फेऱ्याला पटाशीला टक् करून दणका बसायचा. ठमाबाई दारात उभी, पदर तोंडाला. खाली बशीसारखी बैठक निघाली, वर बोटाएवढा दांडा, माथ्यावर गोल बोंडूक. तडा बैठकीपासून बोंडकापर्यंत तसाच. तार सोडून त्यानं फिरत्या दांड्यावर तांबड्या लाखेची कांडी दाबली. लाख तापून पातळ झाली आणि भेगेत उतरली. वरची लाख त्यानं फडक्यानं पुसली, भेगेतली राहिली.

"आबा, ही रेघ कसली?" प्राचीनं विचारलं.

"तडा हाय त्यो."

"जाणार न्हाई?"

"न्हाई."

झुबे अडकवायला दोन खुंट्या हव्या होत्या, पितळेच्या. त्यासाठी तो ओतूरला सुभाषचंद शेठच्या पेढीवर गेला. झुबे तिथलेच होते. शेठनं कारागिराकडून खुंट्या बसवून घेतल्या, दांडा उलटासुलटा करून बघितला आणि हळूच म्हणाले, "हौशीराम भाऊ, साचा आहे अजून माझ्याकडे. जोडीचा करून देतो. काही द्यायचं नाही. पोरीच्या कानात जोडी दिसू दे."

"नगं, शेठ."

"अरे, किती हेलपाटे मारशील त्या हापिसात? चपला झिजल्या तुझ्या."

"तुमी करून दिला, का त्यांच्या डोक्यावरचं वझं उतरलं. मंग मी कंच्या तोंडानं इचारू, आमचा झुबा कुठंय म्हनून?"

"तूही त्या बाभळीचाच," शेठ म्हणाले आणि चहा सांगितला.

हौशीराम तिथून थेट तुमच्या ऑफिसात आला. आठवतंय ना? दांडा त्यानं तुमच्या टेबलावर ठेवला, आणि तुमचा चेहरा खुलला.

"वा! दागिने अडकवायचा स्टँड? हातानं केलाय? आमच्या मॅडमना भारी आवडेल. ही लाल डिझाइन तर फारच छान. कितीला देणार?"

"डिझाइन न्हाई, सायेब. तडा हाय. तुमी पाडल्याली बाभूळ हाय ती."

त्यानं काड्यापेटी काढली. झुबा एका खुंटीला अडकवला. पंख्याच्या वाऱ्यानं तो हलत राहिला. दुसऱ्या खुंटीवर हौशीरामनं बोट ठेवलं.

"हितला तुमच्याकडं हाय."

तुम्ही खुर्ची मागं सरकवलीत. "हे बघा आजोबा, मी नवीन आलोय. तेव्हाचे साहेब बदलून गेले. चौकशी करतो."

"मागल्या सायेबांनीबी ह्येच सांगितलं व्हतं. तेबी तवा नवीनच व्हते."

शिपाई हसला. मग तुमच्याकडं बघून फायली लावायला लागला.

हौशीरामनं झुबा परत काड्यापेटीत घातला, दांडा धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि एसटीनं घरी आला. रडला नाही, ओरडला नाही. ओरडावं तर आतून काही वर येतच नव्हतं. दांडा फळीवर ठेवला, झुबा एका खुंटीला लावला. प्राचीनं बघितलं.

"कधी देनार हायेत?"

"इचारलंय."

आता दर बाजारच्या दिवशी म्हातारा तो दांडा घेऊन तुमच्या टेबलावर ठेवतो. तुम्ही मीटिंगला असता, दौऱ्यावर असता, फोनवर असता. बिबट्या रानात होता म्हणून सापडायला वेळ लागला असं तुमचं खातं म्हणालं, मानलं. झुबा तर रानात नाही ना? तुमच्या माणसाच्या खिशातून तो तुमच्याच ऑफिसात गेला.

मग बोला, साहेब. कुठं आहे तो? त्या पोरीला आम्ही गावकऱ्यांनी काय सांगायचं, ते तुमच्या तोंडानं सांगा.