खालच्या पट्टीतली बाई

एवढीशी चावी. करंगळीएवढी, काटकोनात वाकलेली, काळपट... आणि ही म्हणे गिटारच्या दांड्याच्या पोटातली पोलादी सळई पिळणार आणि आख्खा दांडा सरळ करणार. सत्यशीला चावीकडेच पाहत राहिली, कारण या दुकानात दुसरीकडे कुठं पाहावं हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. गफ्फारभाईंनी चावी दांड्याच्या टोकाशी भोकात घातली, पाव फेरा दिला, मग गिटार डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, दांड्यावरून लांबवर पाहिलं — वरपक्षाकडची माणसं पोहे खाता खाता मुलीची चाल पाहतात, तितक्याच संशयानं.

"पावसाळ्यानं वाकवला जी याले," ते म्हणाले. "चार तारा रातदिवस ओढून राह्यल्या. लाकडानं तरी किती दम काढाव?"

"पण थोडा वाकलेला ठेवायचा असतो ना?"

"हो जी. एकदम सरळ झाला का तार दांड्यावरच्या पडद्याले घासते, चरचरते. तुमाले कोणं सांगतलं?"

"मोबाइलनं."

गफ्फारभाईंनी मोबाइलबद्दलचं आपलं मत चेहऱ्यावर येऊ दिलं, पण तोंडाबाहेर येऊ दिलं नाही. दुकानदार माणूस.

ही तपकिरी बेस गिटार कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून चंद्रपूरच्या या दुकानात आली होती आणि ताशे, ढोलक्या, बँडवाल्यांची पितळी वाद्यं यांच्या मागं टांगलेली होती. आधी त्यांनी खाली काढली होती ती वेगळीच — गुलाबी, आखूड, हलकी. "लेडीजले हे बरं." सत्यशीला म्हणाली होती, "ही नको. ती." एवढं ऐकून त्यांनी तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं होतं, बोलणारा गृहस्थ कुठं उभा आहे ते शोधायला.

यात त्यांचा दोष नाही. साठ वर्षं लोक तिच्या मागं पाहत आले आहेत. शाळेत गाण्याच्या बाईंनी सगळ्या मुलींना एका ओळीत उभं केलं होतं, आणि प्रार्थनेचं पहिलंच कडवं चाललेलं असताना त्या ओळीवरून कान लावत लावत आल्या होत्या — गॅस कुठून गळतोय ते शोधत यावं तशा — आणि तिच्यापाशी थांबल्या होत्या. मग अगदी मायेनं, हो, मायेनंच म्हणाल्या होत्या, तू उभी राहा हं, उंच आहेस, छान दिसतेस, पण फक्त ओठ हलव... त्या वर्षी समूहगायनात शाळा जिल्ह्यात पहिली आली. प्रमाणपत्रावर तिचंही नाव होतं. ते वडिलांनी फ्रेम करून लावलं, आणि पाहुणे आले की ती ज्यात गायली नव्हती त्या गाण्याचं कौतुक तिला खाली मान घालून ऐकावं लागायचं. पुढं कचेरीत फोन उचलला की पलीकडचा म्हणायचा, "नमस्कार साहेब". तिनं एकदाही दुरुस्ती केली नाही, कारण साहेब समजल्यावर लोक कामं लवकर करायचे. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं तो इतका हळू घेतला की गुणवंतरावांचं नाव गुणवंतरावांनाही ऐकू आलं नाही.

आणि आता निवृत्तीनंतर गडचिरोलीतलं महिला भजन मंडळ. अध्यक्षा दीपिकाताई फार समजूतदार. "सत्यशीलाताई, तुम्ही टाळ घ्या. तुमचा ठेका पक्का आहे." ठेका! माणसाला गप्प बसवायचं असलं की त्याच्या ठेक्याची स्तुती करतात. तिनं टाळ घेतले. तीन वर्षं वाजवले. येत्या कार्यक्रमातही वाजवायचे आहेत... किंवा नाहीत. कारण दीपिकाताईंना तिनं मागच्याच आठवड्यात सांगून टाकलंय, मी या वेळी दुसरं वाजवणार, आणि काय ते विचारल्यावर "कळेल" म्हणून उठून आली. आता कळायला काहीतरी न्यावं तर लागेल.

बेस तिला भेटला तो वडश्याकडच्या एका गावात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत नाटक होतं तिथं. ती सतरंजीवर बसली होती. नायिका रडत होती, खलनायक हसत होता, आणि त्या सगळ्याच्या खालून, जमिनीतून, तिच्या मांडीतून वर काहीतरी येत होतं — जाड, गोल, न घाई करणारं — आणि तिनं ते ओळखलं. अरे, ही तर माझी पट्टी. बाजूला, उजेडाच्या कडेला, एक जाडा गृहस्थ तोंडात तंबाखूचा खर्रा धरून चार तारा वाजवत होता. तो कुणाकडे पाहत नव्हता. कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं! शेजारणीला तिनं विचारलं, तो कोण? शेजारीण म्हणाली, "कोण तो?" सत्यशीलाला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की नाटकाचा शेवट तिला आजही आठवत नाही.

मग मुलगी नागपूरला जाताना मागं ठेवून गेलेली साधी गिटार, तिच्या खालच्या सुराच्या दोन जाड्या तारा, दार लावलेली खोली. बोटांना घट्टे. गुणवंतरावांना सांगितलं, कुंड्या हलवते ना. आज सांगितलं, डोळे तपासायला चंद्रपूरला जाते... काय गं सत्यशीले, चोरी करतेयस? चोरीच. पण चोरी करतानाही माणसानं मनासारखा माल उचलावा.

"आता हे पाहा जी," गफ्फारभाईंनी टिफिनपेक्षा थोडा मोठा एक अँप्लिफायर काउंटरवर ठेवला. "घरच्यासाठी एकदम फिट. आन इथी हेडफोन लागते. कानाले लावा, बिनधास्त वाजवा. घरात कोणालेच आयकू येत नाई."

"कुणालाच?"

"कोणालेच नाई. बाजूले झोपला असन तरी नाई."

हेच हवं होतं. अगदी हेच. तिनं हेडफोन कानाला लावला, गिटार मांडीवर घेतली — केवढी जड, झोपलेल्या पोराएवढी — आणि आपली पाठ केलेली भजनाची ओळ काढली. छान वाजली. दुकानात गफ्फारभाई कान खाजवत होते, बाहेर रिक्षा जात होती. तिच्या बोटांचं या जगात कुणालाच काही कळत नव्हतं. ती ओळ दुसऱ्यांदा वाजवताना तिला कसंसंच झालं. कुठंतरी पाहिलंय हे. सगळं जागच्या जागी, ताल पक्का, चेहरा प्रसन्न... आणि आवाज नाही.

तिनं हेडफोन काढला. "यात खरखर आहे."

"खरखर?" गफ्फारभाईंनी ऐकून पाहिलं. होती. गिटारच्या बटनात असेल किंवा अँप्लिफायरमध्ये. ठरवायचं तर दुसऱ्यावर लावून पाहायला हवं. दुसरा म्हणजे भिंतीशी असलेला, काळा, कोपरे झिजलेला, तिच्या कमरेइतका उंच. त्याच ऑर्केस्ट्राचा. "हे तुमाले नाई म्हनत," त्यांनी आधीच स्पष्ट केलं. "हे फक्त चेक कराले." वायर लावली, बटन फिरवलं. "मारा जी, जाडी तार."

तिनं जाडी तार मारली.

आधी पायांना कळलं. मग काउंटरची काच बोलली. मग वरच्या फळीवरचा ड्रम, ज्याला कुणी हात लावला नव्हता, त्याच्या पोटाखालच्या बारीक तारा झर्रर्र करून उठल्या. भिंतीवरच्या घुंगरांच्या माळा, पितळी झांजा, कुठलं तरी सैल झाकण... आख्खं दुकान तिच्याकडे तोंड करून एकदम बोलायला लागलं, आणि तिचा पहिला विचार — साठ वर्षांची सवय — हा होता की माफी मागावी.

गफ्फारभाई आवाजाचं बटन खाली फिरवायला धावले. त्यांनी ते फिरवलं न फिरवलं तोच आतला पडदा सरला आणि त्यांच्या पत्नी सुलतानाबी हातात बशी घेऊन बाहेर आल्या.

"काऊन जी, भिंती पाडता का? माह्या बशा नाचून राह्यल्या आत! कोन तो मानूस—" आणि सत्यशीलाच्या मांडीवरची गिटार पाहून थांबल्या. "बाई, तुमी वाजवलं?"

"मी," सत्यशीला म्हणाली. खालच्या पट्टीत. ड्रमच्या तारा पुन्हा हलल्यासारख्या वाटल्या, नसतील हलल्या.

"मंग यायनं बटन काऊन बंद केलं?"

"अवो, लेडीजले एवढा पावर कायले लागते?" गफ्फारभाई म्हणाले.

"तुमाले नाई विचारलं."

तेवढ्यात फोन. गुणवंतराव. "काय वो, झाले का डोळे? नंबर वाढला का?"

तिनं उत्तर तयार करून आणलं होतं, बसमध्ये दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ते आलंच नाही. "डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "मी वाद्य घेतेय."

"पेटी?"

"नाही. मोठं आहे. घरी आल्यावर भिंती हलतील."

मग गुणवंतरावांनी सावधपणे विचारलं, "जेवाले येशील ना?" तिनं हो म्हणून फोन ठेवला.

गफ्फारभाई अजून समजावत होते — बाई, लहान न्या, मोठा न्याल कसा, पस्तीस किलो आहे, गडचिरोलीची बस खच्चून भरते... ते खरंच होतं. तिला उचलवणार नव्हता. दीपिकाताई मंडपात ठेवू देणार नव्हत्या. वाजवता तर एकच ओळ येत होती, तीही मधेच चुकायची. आणि ती तर लपायला आली होती की. त्या जाड्या माणसाच्या जागेवर, उजेडाच्या कडेला. ती जागा आता मनात आणून पाहिली तर तिथं दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं, सत्यशीला नव्हती... हात पुढं झाला आणि तिनं बटन होतं तिथं परत नेलं, वर थोडं पुढंही. हा मोठा घ्यायचा की नाही, ते ठरलेलं नव्हतं. फक्त कंडक्टर म्हणेल, बाई, हे डिकीत टाका. डिकीत नाही. डिकीत बोचकी जातात. हे माझ्या शेजारी बसेल. म्हणजे काय, तिकीट फाडा त्याचं. पूर्ण कशाला? मला अर्धं आहे ना? मग माझं आहे ते अर्ध्यातच येतं. नियम दाखवा. दाखवा नियम, बस उभी राहू द्या, मला घाई नाही—

"जी?" गफ्फारभाई म्हणाले.

सत्यशीलानं वर पाहिलं. सुलतानाबी बशी छातीशी धरून ऐकत होत्या, दारात रस्त्यावरचे दोघेतिघे येऊन उभे राहिले होते, आणि फळीवरचा ड्रम बारीक थरथरत होता. हे भांडण मनातल्या मनात चाललेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. अशा वेळी माणूस ओशाळून थांबतो. तीही थांबली असती, पण कंडक्टरचं अजून एक म्हणणं खोडायचं राहिलं होतं.