आधी तुमचं सांगा

पेंटरकाकांची लेक स्ट्रेचरच्या पायथ्याशी उभी होती. खांद्याला कपड्यांची बॅग होती, पण ती घरी न्यायची नव्हती. गावाबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात बऱ्याच महिन्यांच्या खेपांनंतर काकांसाठी एक खाट मोकळी झाली होती. आज ऑफिस बंद व्हायच्या आत ते तिथे पोचले नाहीत, तर खाट पुढच्या नंबरवाल्याला जाणार होती. केंद्राची अट अशी की माणूस आपल्या पायांनी चालत आला पाहिजे आणि तो शुद्धीत असल्याचं दवाखान्याने कळवलं पाहिजे.

आणि नेमके आजच काका सकाळी पिऊन बसले होते.

"शेवटची म्हणाले," लेक सांगत होती. "मी अंघोळीला गेले तेवढ्यात. बाहेर येऊन बघते तर खालच्या जिन्यात बसलेले."

"पडले का?" सिस्टरने विचारलं.

"नाही म्हणतात. लागलेलं तर काही दिसत नाही."

सिस्टरने डोकं चाचपून पाहिलं होतं. टेंगूळ नव्हतं, रक्त नव्हतं. बोटाला टोचून साखर पाहिली, तीही ठीक होती. दारूचा वास मात्र स्ट्रेचरभोवतीच्या पडद्याबाहेरही येत होता. मग तिने विभागाचा मोबाइल घेतला.

मोबाइलला जाड रबरी कव्हर होतं, स्पिरिटने पुसून पुसून पांढुरकं झालेलं. पिऊन आलेल्या रुग्णांची तपासणी आता त्यावरच व्हायची. पूर्वी एका सिस्टरला जो माणूस 'बरा आहे' वाटायचा, तो पाळी बदलली की दुसरीला 'पार गेलेला' वाटायचा. मोबाइलमधली बाई सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारी: नाव सांगा, तुम्ही आत्ता कुठे आहात, आज वार कोणता, वीसपासून उलटे आकडे म्हणा, आणि माझ्यामागून म्हणा, कात्रीने कापडाचे काठ कापले. मग मोबाइल तळहातावर ठेवला की हात किती थरथरतो ते तो मोजायचा. पडद्यावर ठिपका फिरायचा आणि रुग्णाची नजर त्याच्यामागे नीट जाते का ते कॅमेरा बघायचा. शेवटी एक पट्टी यायची, लाल, पिवळी किंवा हिरवी. थोड्या थोड्या वेळाने हे पुन्हा करायचं. दारू उतरत गेली की पट्टी लालकडून हिरव्याकडे सरकली पाहिजे. सरकली नाही, तर मामला नुसत्या दारूचा नाही असं समजायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

पेंटरकाका इथले नेहमीचे. दारावरची 'तातडीचा विभाग' ही पाटी त्यांनीच रंगवलेली, आणि तीही पिऊन रंगवली असं ते छाती फुगवून सांगत. मोबाइलमधल्या बाईशी त्यांचं विशेष सख्य होतं. तिने "तुमचे नाव सांगा" म्हटलं की ते म्हणत, "आधी तुमचं सांगा, बाई." "तुम्ही आत्ता कुठे आहात?" म्हटलं की, "तुमच्या तावडीत." सिस्टर हसून घेत आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करत. दुसऱ्या वेळी मात्र ते सगळं धडाधड सांगत, प्रश्न पुरा व्हायच्याही आधी.

आज पहिल्या तपासणीत पट्टी पिवळी आली. आत्ता दुसऱ्या वेळी हिरवी.

"सुटलो," इन्चार्जबाई मागून वाकून बघत म्हणाल्या. "सोड त्यांना. पोरगी केव्हाची ताटकळलीय."

लेकीने मोठा श्वास सोडला. "आज किती शहाण्यासारखं बोलले. दोन्ही वेळा. मी बजावलंच होतं, अप्पा, आज चावटपणा नको."

काका डोळे मिटून पडले होते. लेकीने त्यांना उठवून बसवलं, चपला पायाशी सरकवल्या. त्यांनी उजवा पाय चपलेत घातला. डावा पाय चपलेच्या शेजारी फरशीवर टेकवला. उचलला, पुन्हा तिथेच टेकवला. मग पुन्हा.

"थोडी आहे अजून अंगात," लेक हसली आणि खाली बसून तिने त्यांच्या पायात चप्पल चढवली.

सिस्टरचं बोट 'सोडण्यास हरकत नाही' या बटणावर होतं. तिने ते दाबलं नाही. दारू उतरली असेल, तर पाय का चुकतो? उतरली नसेल, तर पट्टी हिरवी कशी? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायच्या, तर तिसरं काहीतरी असायला हवं होतं.

"काय झालं?" इन्चार्जबाई म्हणाल्या.

"मला त्यांना आणखी थोडं विचारायचंय."

"पट्टी हिरवी आहे. तुला आणखी कोणता रंग हवाय?"

"दोनच मिनिटं, बाई."

"विचार बाई, विचार. पण तुझ्या शंकेपायी त्या पोरीची खाट गेली, तर तिच्यासमोर उभं तू राहायचंस. मी नाही."

लेकीने हे ऐकलं. ती उठून उभी राहिली. "सिस्टर, दर वेळी हिरवं झालं की तुम्ही सोडता. आठवतं ना? मागच्या वेळी त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं, तरी सोडलंत. आणि आज, एकदाच काहीतरी चांगलं होतंय, तर तुम्हाला शंका?"

बाहेर अँब्युलन्सचं इंजिन सुरू झालं. मांडीचं हाड मोडलेल्या एका बाईला घेऊन गाडी मोठ्या इस्पितळात निघाली होती. डोक्याचा स्कॅन तिथेच होत असे आणि ही गाडी गेली की दुसरी केव्हा मिळेल, याचा भरवसा नव्हता.

तिने मोबाइलचा आवाज पूर्ण बंद केला. तपासणीचा पहिला पडदा उघडून तो काकांच्या समोर धरला. आता तो नुसता उजळलेला होता, बाई गप्प होती.

"पेंटरकाका, आज वार कोणता?"

काकांनी मोबाइलकडे पाहिलं आणि आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, स्वच्छ.

"ऐकू नसेल आलं," इन्चार्जबाई म्हणाल्या.

सिस्टर त्यांच्या कानाशी वाकली. "काका, दारावरची पाटी कोणी रंगवली?"

"दवाखान्यात," काका म्हणाले.

लेकीचा चेहरा अजून रागावलेलाच होता, पण ती एक पाऊल पुढे आली. सिस्टरने तिला हाताने थांबवलं आणि मग काहीच विचारलं नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. काका मोबाइलकडे बघत थांबले. एक प्रश्न विचारून व्हायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढा वेळ.

"गुरुवार," ते म्हणाले.

आज गुरुवारच होता. गुरुवारी जायचंय, अप्पा, हे लेकीने आठवडाभर त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

पुन्हा शांतता. पुन्हा तेवढाच वेळ.

"वीस, एकोणीस, अठरा, सतरा..." आवाज खणखणीत होता. एकही आकडा चुकला नाही. एकपर्यंत येऊन ते पुन्हा तसेच थांबले आणि म्हणाले, "कात्रीने कापडाचे काठ कापले."

मग त्यांनी उजवा हात लांब केला, तळवा वर करून. मोबाइल ठेवायची वाट बघत. हात जराही हलत नव्हता.

"अप्पा," लेक म्हणाली. "अप्पा, माझ्याकडे बघा. मी काय विचारतेय? मी कोण?"

हात तसाच राहिला.

"डॉक्टर मॅडमना सांग," इन्चार्जबाई हळूच म्हणाल्या. "मी गाडी अडवते." आणि एवढी जाडजूड बाई पळत सुटली.

डॉक्टर आतल्या खोलीत एकाच्या कपाळाला टाके घालत होत्या. सिस्टर दारातूनच म्हणाली, "मॅडम, पेंटरकाका. पट्टी हिरवी आहे, पण ते प्रश्नांची उत्तरं देत नाहीयेत. पाठ झालेलं म्हणतायत. प्रश्न न विचारताही म्हणतात. डावा पाय चुकतोय."

"पडले होते?"

"जिन्यात सापडले. पडताना कोणी पाहिलं नाही."

डॉक्टरांनी टाका पुरा केला, धागा कापला आणि बाहेर आल्या. काकांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, एकदा, मग पुन्हा. "उजवी बाहुली किंचित मोठी वाटतेय," त्या म्हणाल्या. "वाटतेय म्हणते. पण पाठवा. तिथे मी फोन करते."

लेक बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती. "स्कॅनमध्ये काही नाही निघालं तर?"

"तर खाट गेली," सिस्टर म्हणाली. "आणि ती माझ्यामुळे गेली. तेव्हा मला हवं ते बोल."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. मग ती वाकली आणि मघाशी आपणच चढवलेली चप्पल तिने बापाच्या डाव्या पायातून काढली. "स्ट्रेचरवरच न्या त्यांना," ती म्हणाली. "चालवू नका."

बाहेर इन्चार्जबाई गाडीच्या पुढ्यात उभ्या होत्या आणि ड्रायव्हर खिडकीतून विचारत होता, "बाई, मला उडवायला लावता का आता?"

गाडी गेल्यावर पडद्याआडचं काम चालूच राहिलं. एका मुलाचा दमा, एका आजींचं मनगट. मध्येच मोबाइल वाजला. पडद्यावर काकांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, पुढच्या तपासणीची वेळ झाली. सिस्टरने तो बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. खिडकीतून ऊन उतरलेलं दिसत होतं. केंद्राचं ऑफिस आता बंद झालं असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिने हात धुऊन घेतले, ते स्वच्छच होते तरी.

दिवे लागायच्या सुमारास मोठ्या इस्पितळातून डॉक्टरांना फोन आला. डॉक्टर बराच वेळ नुसत्या हं, हं करत राहिल्या. मग फोन ठेवून म्हणाल्या, "उजवीकडे रक्त साचलंय, बरंच. ऑपरेशनला घेतलं."

इन्चार्जबाईंनी सिस्टरच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी विभागाच्या फोनवर लेकीचा आवाज आला. "सिस्टर आहेत का? त्याच, मोबाइलवाल्या."

"मीच बोलतेय. कसे आहेत?"

"डोकं तासलंय पार. डावा हात अजून उचलत नाही. ते म्हणतात वेळ लागेल." ती थांबली. "खाट गेली. पुन्हा नंबर लावलाय. आता सगळ्यात खाली."

"हं," सिस्टर म्हणाली. रिसीव्हर धरलेला हात तिने बदलला.

"आज सकाळी इथले डॉक्टर राउंडला आले. विचारलं, बाबा, तुमचं नाव काय? अप्पा नुसतेच बघत राहिले. मला वाटलं, संपलं."

"मग?"

"मग म्हणाले, आधी तुमचं सांगा."