एकदम नॅचरल

पार्लरवालीच्या खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई एकच शब्द तोंडात घेऊन येते : नॅचरल. केस रंगवा, पण नॅचरल. भुवया कोरा, पण नॅचरल. पार्लरवालीच्या लेखी त्याचा अर्थ सरळ होता. तीन थर थापायचे आणि एकही कबूल करायचा नाही. या खोटेपणावर तिची चूल पेटत होती, आणि तिला त्याची लाज नव्हती, उलट तोरा होता.

त्या दुपारी एक सासू सुनेला घेऊन आली. सासू म्हणजे पक्कं गिऱ्हाईक. तिच्या शब्दावर अख्ख्या इमारतीतल्या बायका इथे येत.

"हिचा भाऊ आलाय परगावाहून, संध्याकाळी परत जाणार. शेजारच्या स्टुडिओत सगळ्यांचा फोटो काढायचाय," सासू म्हणाली. "पण थापलंय असं वाटता कामा नये हं. एकदम नॅचरल."

सुनेने गळ्यातला स्कार्फ काढला. कानाखालून मानेवर बोटांचे वळ उठले होते. मधे जांभळे, कडेला पिवळट.

"दारावर आपटली," सासू म्हणाली.

दाराला बोटं नसतात, एवढं पार्लरवालीला कळत होतं. ती म्हणाली, "होतं असं."

सासूचा फोन वाजला. ती बोलत बोलत बाहेर गेली, तशी सुनेने पार्लरवालीचं मनगट धरलं.

"मावशी, हे झाकू नका."

"अगं, फोटोत दिसेल."

"दिसू दे. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, नवरा-बायकोत एवढं नॅचरल असतं, मनावर घेऊ नकोस. आज डोळ्यांनी बघू दे त्याला. तुम्ही नुसता पफ फिरवल्यासारखं करा."

'बरं' हा शब्द पार्लरवालीच्या ओठांवर आलाही होता. तेवढ्यात दार उघडलं. सासू शेजारच्या खुर्चीत टेकली आणि आरशात बघत म्हणाली, "करा करा. मी बसलेय इथे."

आणि पार्लरवालीने केलं. जांभळ्यावर नारिंगी, पिवळ्यावर फिकट जांभळा, वरून कातडीचा रंग, त्यावर पावडर. किळस यावी अशी गोष्ट म्हणजे मधेच तिला कामाची गोडी लागली. मान उजेडात वळवून बघितली, तर वळ कुठे होते ते तिचं तिलाच सापडेना, आणि घटकाभर तिला बरं वाटलं. मग आरशात सुनेचे डोळे दिसले. त्यात राग नव्हता. तिने आशा सोडली होती.

दोघी गेल्या. स्कार्फ खुर्चीवरच राहिला होता. तो द्यायला पार्लरवाली स्टुडिओच्या दारात पोचली, तेव्हा भाऊ बहिणीच्या खांद्यावर हात टाकून उभा होता.

"उगाच घोर लावलास जिवाला," तो हसत म्हणत होता. "चांगली टवटवीत तर आहेस."

"ताई, मान जरा वर," फोटोवाला म्हणाला. "हां, नॅचरल हसा."

सून हसली.

स्कार्फ ठेवून गपचूप परत फिरता आलं असतं. आजवर पार्लरवाली अशीच फिरत आली होती. पण ते हसू बघून ती आत शिरली.

"थांबा," ती म्हणाली. "मानेवरचा मेकअप फाटलाय."

"कुठे? छान तर आहे," सासू म्हणाली.

स्वतः पुसायचं धाडस पार्लरवालीला झालं नाहीच. तिने एप्रनच्या खिशातली मेकअप उतरवायची बाटली काढली, कापूस ओला केला आणि सुनेपुढे धरला. सुनेने तो घेतला आणि खसाखसा पुसलं. फोटोवाल्याच्या दिव्याखाली एकेक बोट वर आलं.

भावाने आपला हात उचलला, त्या वळांशेजारी धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"दारावर आपटली ती..." सासू बोलू लागली. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. तो पार्लरवालीवर उखडला.

"तुम्हाला दिसलं होतं हे?"

"हो."

"आणि झाकलंत?"

"हो," ती खाली बघत म्हणाली. "मन लावून झाकलं."

"लाज नाही वाटली?"

"त्यांना काय विचारतोस, दादा?" सून म्हणाली. "तुला तर मी सांगितलं होतं."

भाऊ दिव्याखालून बाजूला झाला.

"चल, माझी बॅग भरायचीय," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली. पार्लरवालीने स्कार्फ पुढे केला. सुनेने तो घेतला नाही. मान तशीच उघडी ठेवून ती रस्त्यावर उतरली.