डेझोबाचींचा ठोका

गावच्या नव्या तरण तलावाला इबोया केलेमेनचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा तिनं महापौरांना एकच अट घातली. समारंभाला डेझोबाची, म्हणजे तिला पोहायला शिकवणारे डेझोकाका, हवेत.

"ते अजून आहेत?" महापौर बोलून गेले आणि मग ओशाळले. तरुण होते बिचारे.

डेझोबाची होते. नव्वदीला टेकले होते आणि रोज सकाळी गरम झऱ्याच्या हौदात छातीपर्यंत बुडून बुद्धिबळ खेळत होते. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. म्हणूनच तर ती इतकी वर्षं त्या हौदाकडे फिरकली नव्हती. पण ज्यानं पाण्यात घडवलं त्याला टपालानं आमंत्रण कसं पाठवायचं? जानेवारीतल्या एका शनिवारी ती स्वतःच गेली.

पाण्यावर वाफ इतकी दाट होती की दोन हातांवरच्या माणसाचा नुसता आवाज यायचा.

"हाताचं चुंबन घेतो, चॅम्पियनबाई!" त्या वाफेतून बेर्तालान जुन्या चालीचं अभिवादन करत ओरडला. हा जन्मभर कुलपं दुरुस्त करून निवृत्त झालेला, डेझोबाचींचा रोजचा भिडू. "डेझो, मान वर कर. तुझं रौप्यपदक चालत आलंय."

"गप रे. तुझा वजीर मरतोय, तिकडे बघ." आणि मग तिच्याकडे न पाहताच ते म्हणाले, "ये इबी. पायरी निसरडी आहे, जपून."

ती पाण्यात उतरली. हा आवाज तिनं किती वर्षांनी इतक्या जवळून ऐकला!

ती पोहायला शिकली त्या काळी गावाला बंदिस्त तलाव नव्हता. हिवाळ्यातही उघड्यावरच, झऱ्याच्या कोमट पाण्यात सराव चाले. बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर, पोहणाऱ्याला पुढची भिंत दिसत नाही. भिंतीच्या अलीकडे डोक्यावर पताकांची दोरी असते, ती दिसली की हात मोजायचे. पण वाफेत पताका कुठल्या दिसायला! म्हणून डेझोबाची झाडूचा दांडा घेऊन काठाकाठानं चालायचे आणि ती पताकांखाली आली की लोखंडी शिडीवर एक ठोका हाणायचे. कानात पाणी असलं तरी तो हाडापर्यंत पोचायचा. पुढे बंदिस्त तलाव मिळाले, पताका लख्ख दिसू लागल्या, तरी ठोका सुटला नाही. एकदा बाची दांडा घरी विसरले, तर ही पाण्यात उतरेना. देशातल्या सगळ्या शर्यती, मग युरोपातलं सुवर्ण, सगळं त्या ठोक्यावर.

ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांना काठावर येऊ देत नव्हते. अंतिम शर्यतीत ती शेवटच्या पताकांपर्यंत पुढे होती. आणि तिनं मान वळवून शेजारच्या रांगेत पाहिलं. दुसरं काही कारण नव्हतं, भीती वाटली. आपण जिंकतोय याचीच भीती. तेवढ्यात शेजारणीचा हात भिंतीला लागला.

"मान का वळवलीत?" रेडिओवाल्यानं विचारलं. एकोणीस वर्षांची पोर, रडून नाक लाल झालेलं. "मला वाटलं, ठोका पडला," ती म्हणाली. "अवेळी पडला."

त्या गोंगाटात तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. पण मायदेशी सगळ्यांनी तेच वाक्य उचललं. बाची एका शब्दानं बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी राष्ट्रीय संघ सोडला आणि गावातल्या शाळकरी पोरांना तरंगायला शिकवू लागले. रस्त्यात समोर आले की टोपी काढायचे आणि पलीकडच्या कडेला जायचे. ते रागावलेत, असं तिनं धरून घेतलं. दुसऱ्या प्रशिक्षकाकडे ती आणखी थोडी वर्षं पोहली, पण पहिल्यासारखी कधीच नाही.

"बाची, समारंभाला या," ती आता म्हणाली. "पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी."

"नाही जमायचं."

"अरे जा की म्हाताऱ्या!" बेर्तालान म्हणाला. "फुकटची वाइन आहे. तू नसशील जात तर तुझा कोट घालून मी जातो."

"माझा कोट तुझ्या पोटावर बसेल का?"

"बाची," तिनं घाईनं सांगून टाकलं, "मी रेडिओवर खोटं बोलले होते. मी काही ऐकलं नव्हतं. घाबरले आणि बाजूला पाहिलं, एवढंच. नाव मात्र तुमच्या ठोक्याचं घेतलं."

डेझोबाचींनी हातातलं प्यादं पटावर ठेवलं.

"माझ्याकडे छत्री होती," ते म्हणाले.

"छत्री?"

"वर, प्रेक्षकांत. छपराखाली कसला पाऊस! पण बायकोनं हातात दिली होती. तू पताकांजवळ आलीस आणि मला राहवेना. समोरच्या कठड्यावर हाणली. लवकर हाणली, इबी. वरून अंतर कळत नाही. हाणली आणि तू मान वळवलीस. या डोळ्यांनी पाहिलं."

आपलं खोटं जाऊन नेमकं कुठे लागलं, ते तिला आत्ता कळत होतं.

"मला नाही ऐकू आली. देवाशप्पथ! हजारो लोक ओरडत होते, बाची. छत्री कुठली, तोफ उडवली असतीत तरी..."

"तू तेव्हाच सांगितलंस ना. अजून अंग ओलं होतं तुझं. खोटं सुचायला वेळ तरी होता का? मी ऐकलं आणि म्हटलं, झालं, पोरीलाही कळलं. मग कुठल्या तोंडानं तुझ्यासमोर उभा राहणार?"

"म्हणून रस्ता ओलांडायचात?"

"मग काय!"

"मला वाटायचं, तुम्ही रागावलात."

"मी?" म्हातारा खरोखरच चकित झाला. "मी कशाला रागावू?"

"मी तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हा आले असते तर तुम्ही विश्वास ठेवला असतात."

"तू मुळातच मनानं चांगली. म्हाताऱ्याला मरताना बरं वाटावं म्हणून आलीस. पण ज्यानं तुझं सुवर्ण घालवलं, त्यानं तुझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवायच्या? नाही गं, ते नको."

तिनं बेर्तालानकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा यांना."

"मी तिथे नव्हतो, बाई," तो हळूच म्हणाला.

तिथे असलेला तिसरा माणूस आणायचा कुठून? तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. गोंगाट, शेजारची रांग, जिंकण्याची भीती. डेझोबाची मान डोलवत ऐकत होते. नाकातोंडात पाणी जाऊनही 'मी नाही प्यायलो' म्हणणाऱ्या पोराचं ऐकावं, तसे. अगदी प्रेमानं. आणि त्यातलं एक अक्षरही त्यांना खरं वाटत नव्हतं.