पहिला लोंगर

होळी गावातली केळीची वाडी आम्ही लिलावात घेतली. जुन्या मालकाचा, आलोशियसचा कर थकला, म्हणून ती लिलावात निघाली होती. विक्रीचा दाखला हाती आला, पण सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलं. माझे यजमान गेले, मग आलोशियसही गेला. नाव लावून घ्यायला मी कोर्टात गेले, तर त्याचा मुलगा ॲल्रॉय आडवा आला. लिलावाची नोटीस मिळालीच नाही म्हणे, आणि मी, आशालता, त्यांची जमीन वाट्याने कसणारी वाटेकरी!

"वाटेकरी कशी?" मी माझ्या वकील सुमेधाला विचारलं.

"काकू, केळीचा पहिला लोंगर दर वर्षी त्यांच्या घरी जातो ना? तो पिकाचा वाटा, असं म्हणतात ते."

हसावं की रडावं, कळेना. वाडी घेतली की दर वर्षी केळ्यांचा पहिला घड, पहिला लोंगर, जुन्या मालकाच्या घरी द्यायचा, त्याचा जीव जमिनीत अडकू नये म्हणून. सासऱ्यांनी त्यांच्या काळी तेच केलं, मीही तेच.

"या वर्षी पाठवू नका. सोमवारी तारीख आहे. वाडी गेली तर तुमचं घरही जाईल."

घर वाडीतच. दुसरं कुठे जायचं मला?

लोंगर पडवीत टांगला. पिकायला लागला, तशी त्याच्याकडे बघायची भीती वाटू लागली.

शनिवारी माणिकपूरहून रिक्षा आली. काठी टेकत बर्था उतरली, आलोशियसची बायको.

"लोंगर नाही आला. म्हटलं, मेलीस की काय!"

मी सगळं सांगितलं.

"वाटा? मग नाताळात मी तुला केक देते, तो काय पगार?"

"हेच कोर्टात सांग, बर्थाबाय. पाया पडते तुझ्या."

तिने पाय मागे घेतले. "ॲल्रॉय पोटचा आहे गं."

मी वाकलेली तशीच खाली बसले.

बर्थाने लोंगराकडे बघितलं. मग तिने रिक्षावाल्याला हाक मारली. "ए पोरा, इकडे ये. नीट बघ." बटव्यातून नोट काढली. "आशा, वाडी तुझी. लोंगर कितीला देतेस?"

"तुला विकू?"

"विक. स्वतःचा वाटा कोणी विकत घेतं का?"

नोट तिने माझ्या मुठीत कोंबली. पोराने लोंगर रिक्षात ठेवला.

"याहून जास्त मला जमणार नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता रिक्षात बसली.

रिक्षा वळणावर गेली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सोमवारी कोर्टात सांगायला, बघणारा तो रिक्षावाला एकटाच, आणि त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. मी अनवाणी रस्त्यावर धावत सुटले.