हद्दीबाहेरची तक्रार

झुल्फियेनं फाइल तिसऱ्यांदा युरोपच्या मानवाधिकार कोर्टाच्या फाटकाच्या गजांतून आत सरकवली आणि पहारेकऱ्यानं ती तिसऱ्यांदा तितक्याच अदबीनं बाहेर सरकवली.

"आत्या, पुरे आता," लाबिनोत म्हणाला. जर्मनीत फ्रायबर्गला फरशा बसवणारा हा भाचा सुट्टी काढून तिला स्ट्रासबुर्गला घेऊन आला होता. "तक्रारी टपालानंच घेतात म्हणतोय तो."

"टपालाला तोंड असतं का? मला बोलायचंय."

कोसोव्होतल्या तिच्या घराची वाट पेट्रोलपंपवाल्यानं भिंत घालून अडवली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती ओढ्यातून घरी जात होती, आणि तालुक्याच्या कोर्टाला निकालाचा मुहूर्त काही सापडत नव्हता. या जानेवारीत कोसोव्होच्या लोकांना युरोपात फिरायला व्हिसा लागेनासा झाला. माणूस जाऊ शकतो, तर तक्रारही जाईल, असा तिनं सरळ हिशोब केला.

शेवटी पहारेकऱ्यानं आत फोन लावला. थोड्या वेळानं एर्मिरा आली. ती या कोर्टातली वकील, मूळची शेजारच्या अल्बानियातल्या श्कोदरची, म्हणजे दोघींची भाषा एकच, अल्बानियन. जेवणाची सुट्टी होती, म्हणून ती दोघांना समोरच्या कॅफेत घेऊन गेली.

कॉफी आली. झुल्फियेनं आपला कप टेबलाच्या मधोमध सरकवला आणि हात मांडीवर ठेवले. एर्मिराचा चेहरा उतरला. काही मागायला आलेला माणूस शब्द मिळेपर्यंत कॉफीला शिवत नाही, आणि शब्द मिळाला की पितो. मुलीला मागणी घालायला आलेली माणसं अशी ताटकळलेली तिनं आजोळी पाहिली होती.

"मावशी, अशी अडवू नका हो मला."

"अडवलंय मला, पोरी. अकरा वर्षं."

"हे कोर्ट सदस्य देशांचं. अल्बानिया सदस्य आहे, कोसोव्हो नाही. तुमचा कागद आम्हाला पहिल्या पानावरच परत करावा लागतो."

"म्हणजे माझी भिंत डोंगरापलीकडे, अल्बानियात असती, तर चाललं असतं?"

"तिथली कोर्टं संपल्यावर... हो, चाललं असतं."

"पण आमच्या राज्यघटनेत तुमचाच कायदा लिहिलाय म्हणतात."

"लिहिलाय. आमचे निकाल धरूनच तुमच्या न्यायाधीशांनी चालायचं, असंही लिहिलंय. पण ते नाही चालले, तर जाब विचारायला आमचा हात तिथवर पोचत नाही."

"छान! नियम सासूचे, आणि सासू परगावी."

एर्मिराला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "निकाल माझ्या हातात नाही, सल्लाही देता येत नाही. पण शेवटपर्यंत ऐकेन, मध्ये बोलणार नाही. एवढा शब्द देते."

झुल्फिये तासभर बोलली. नवरा गेला तेव्हा मयत ओढ्यातून न्यावी लागली. खांदेकरी गुडघाभर पाण्यात, आणि एकाचा पाय घसरला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. कोर्टात हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. एर्मिरानं डोळे पुसले, पण मध्ये बोलली नाही.

बोलणं संपलं तेव्हा झुल्फियेनं कप ओढला आणि गार कॉफी एका दमात पिऊन टाकली.

"हलकं वाटलं गं," ती म्हणाली.

लाबिनोतनं तेवढ्यात कोर्टासमोरचा आत्याचा फोटो फेसबुकवर टाकलाही होता. परतताना ऱ्हाइनच्या पुलावर फोन वाजला. तालुक्याच्या कोर्टातला कारकून नेजात होता.

"काकू, फोटो पाहिला. न्यायाधीशसाहेबांनीही पाहिला. तिथं भेटलं का कुणी?"

"भेटली ना, कोर्टातली वकीलबाई. तासभर ऐकलं तिनं."

"कॉफी दिली?"

"दिली की."

"आणि तुम्ही... प्यायलात?"

झुल्फियेनं भाच्याकडे पाहिलं. तो एकाएकी फारच मन लावून गाडी चालवू लागला होता.

"थेंब ठेवला नाही," ती म्हणाली. खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

पलीकडे कुजबुज झाली, कागद चाळल्याचा आवाज आला.

"साहेब म्हणतात, मंगळवारी शेवटची सुनावणी घेऊन टाकू."

"मंगळवारी नाही जमायचं. भाच्याकडे आलेय, चार दिवस राहीन म्हणते. शुक्रवारी ठेवा." तिनं क्षणभर विचार केला. "आणि साहेबांना सांग, आधी जागा बघायला या म्हणावं. माझ्या घरी, माझ्या वाटेनं. येताना गमबूट घाला."